भेरूघाटात बंद पडणारी बुलेट

प्रश्न : वडिलांची १९७४ सालची बुलेट ३५० मी तीन वर्षांपासून चालवतो आहे. गाडी मूळ सहा व्होल्टची आणि पॉइंटचीच (यांत्रिक उघडझापीने ठिणगी पाडणारी) आहे. गेल्या वैशाखात ओंकारेश्वरहून परतताना भेरूघाटाच्या चढावर ती एकाएकी बंद पडली, जणू कोणी किल्लीच फिरवली. प्लग काढून पाहिला तेव्हा तो पेट्रोलने ओला होता. वीस-पंचवीस मिनिटे सावलीत उभी केल्यावर ती दुसऱ्या किकला सुरू झाली आणि सिमरोल सोडल्यावर पुन्हा बंद पडली. आता शहरातही अर्ध्या तासाने हेच होते. एका रविवारी मेकॅनिकने प्लग, प्लगची कॅप, पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल असे सगळे एकदमच बदलले. सहा व्होल्टची कॉइल मिळाली नाही म्हणून बारा व्होल्टची बसवली. ‘चालते’ असे दुकानदाराने सांगितले. तेव्हापासून किक उलटी मारते, सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात आणि गरम झाल्यावर बंद पडणे तर कायमच आहे. आता अल्टरनेटर रिवाइंड करावा, नाहीतर सगळे काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवावे, असे मेकॅनिक म्हणतो. मी काय करावे?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

स. न. वि. वि.

तूर्त काहीही विकत घेऊ नका, आणि अल्टरनेटरला तर कोणाला हातही लावू देऊ नका. तुमच्या गाडीत या घडीला दोन वेगवेगळे दोष आहेत. पहिला, गरम झाल्यावर बंद पडण्याचा, घाटात सुरू झाला आणि तो अजून सापडलेला नाही. दुसरा, किक उलटी मारण्याचा, त्या रविवारी दुरुस्तीच्या हाताने तयार झाला. पाच वस्तू एकाच दिवशी बदलल्यामुळे हे दोन्ही एकमेकांत असे गुंतले आहेत, की आता कोणतेही लक्षण पाहिले तरी ते जुन्या दोषाचे की नव्या दोषाचे हे कळत नाही. म्हणून आधी नवा दोष काढून गाडी पूर्वीच्या स्थितीत आणावी लागेल आणि मग मूळ दोषाचा शोध घ्यावा लागेल.

तुमच्या पत्रात एक गोष्ट फार उपयोगाची आहे, ती म्हणजे प्लग ओला असल्याची नोंद. उन्हाळ्यात घाट चढताना गाडी बंद पडली की पहिला संशय पेट्रोलवर जातो, आणि तो चुकीचा नसतो. टाकीच्या झाकणातले हवेचे बारीक भोक बुजले, तर टाकीत हवा शिरत नाही, पेट्रोल उतरायचे थांबते आणि काही किलोमीटरांवर गाडी थांबते. पंधरा-वीस मिनिटे उभी ठेवली की हवा झिरपत आत जाते आणि ती पुन्हा सुरू होते. बाहेरून पाहता हे सगळे तुमच्या तक्रारीसारखेच दिसते. मात्र पेट्रोल कमी पडलेली गाडी अशी झटक्यात जात नाही. ती आधी ओढ सोडते, दोन-चार आचके देते, मूठ कमी केली की क्षणभर सावरते आणि मग थांबते. प्लग काढावा तर तो कोरडा निघतो. तुमची गाडी किल्ली फिरवावी तशी गेली आणि प्लग ओला निघाला, म्हणजे पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोहोचत होते, पण ते पेटवणारी ठिणगी पडत नव्हती. पुढच्या वेळी बंद पडल्याबरोबर टाकीचे झाकण एकदा उघडून पाहा, म्हणजे या बाबतीत उरलासुरला संशयही राहणार नाही.

आता त्या रविवारच्या कामाकडे वळू. तुमच्या पत्रात न लिहिलेला एक निष्कर्ष त्यातच दडला आहे. प्लग, कॅप, पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल बदलूनही गरम झाल्यावर बंद पडणे जर जसेच्या तसे राहिले असेल, तर दोनच शक्यता उरतात. एक तर बदललेल्या वस्तूंपैकी कोणीच मुळात दोषी नव्हते आणि खरा दोष न बदललेल्या भागात आहे, म्हणजे बॅटरी, किल्लीचा स्विच, फ्यूज, अर्थिंग किंवा वायरिंग यांत. नाहीतर नव्या वस्तूंपैकी एखादी जुनीइतकीच वाईट आहे. दुसरी शक्यता ऐकायला विचित्र वाटेल, परंतु कंडेन्सरच्या बाबतीत ती इतकी सर्रास आढळते, की नवा कंडेन्सर तपासल्याशिवाय तो चांगला आहे असे मी धरतच नाही.

सर्वप्रथम बारा व्होल्टची ती कॉइल काढून तुमची जुनी कॉइल परत बसवा, कारण तिच्यावर आजवर काहीही सिद्ध झालेले नाही. मेकॅनिकने ती टाकून दिली नसेल अशी आशा आहे. सहा व्होल्टच्या कॉइलच्या प्राथमिक वेढ्याचा रोध साधारण दीड ओहम असतो आणि तिच्यातून सुमारे चार अँपिअर प्रवाह जातो. बारा व्होल्टच्या कॉइलचा रोध त्याच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक असतो, म्हणून सहा व्होल्टच्या बॅटरीवर तिच्यातून जेमतेम दोन अँपिअर जातात. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रवाह निम्मा झाला की ऊर्जा चौथाईवर येते. अशा कॉइलवर गाडी सुरू होते, सपाट रस्त्यावर चालतेही, आणि त्या अर्थाने दुकानदार खोटे बोलला नाही. परंतु चढावर मूठ पूर्ण उघडली की सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि दाब जितका जास्त तितका प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला अधिक व्होल्टेज लागतो. चौथाई ऊर्जेची ठिणगी नेमकी तिथे कमी पडते. मग न जळलेले मिश्रण सायलेन्सरमध्ये जाऊन साठते आणि पुढच्या जळणाने तिथे पेटते. तुम्हाला ऐकू येणाऱ्या फटाक्यांपैकी बरेचसे याच कारणाचे असावेत.

प्लगच्या कॅपचेही पाहून घ्या. हल्लीच्या बहुतेक कॅपमध्ये पाच हजार ओहमचा रोध बसवलेला असतो आणि हल्लीच्या अनेक प्लगमध्येही तितकाच. दोन्ही एकत्र आल्यास सहा व्होल्टच्या गाडीची आधीच बेताची असलेली ठिणगी आणखी बारीक होते. या दोहोंपैकी एकातच रोध असू द्या, आणि हाय टेन्शनची वायर आत तांब्याची तार असलेली घ्या. प्लगची फट ०.५ ते ०.६ मिलिमीटर ठेवा.

किक उलटी मारण्याचे कारण मात्र बहुधा पॉइंटच्या फटीत आहे. पॉइंटची फट आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, या स्वतंत्र गोष्टी आहेत असे अनेकांना वाटते, पण फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे सरकते. फट कमी झाली की ते मागे पडते. नवे पॉइंट बसवताना फट अंदाजाने ठेवली आणि टायमिंग पाहिलेच नाही, तर पिस्टन अजून वर येत असतानाच ठिणगी पडते आणि स्फोट त्याला खाली ढकलतो. बुलेटची उलटी किक ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही; तिने घोटे आणि पोटऱ्या कायमच्या दुखावलेली माणसे मी पाहिली आहेत. हे दुरुस्त होईपर्यंत चपला घालून किक मारू नका, आणि घरातल्या दुसऱ्या कोणालाही मारू देऊ नका.

फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवायची असते, आणि ती पॉइंट पूर्ण उघडलेल्या स्थितीत फिलर गेजने मोजायची असते. ती आधी पक्की करून मगच टायमिंगला हात घाला, कारण हा क्रम उलटा केला तर केलेले टायमिंग पुन्हा बिघडते. वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी अॅडव्हान्सची वजने मिटलेली असताना, म्हणजे पूर्ण रिटार्ड स्थितीत, पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या ०.४ ते ०.८ मिलिमीटर आधी पॉइंट उघडू लागले पाहिजेत. तुमच्या गाडीसोबतची जुनी पुस्तिका घरात असेल आणि तिच्यात वेगळा आकडा असेल, तर तोच प्रमाण माना. प्लगच्या भोकातून सायकलचा आरा घालून पिस्टनची जागा मोजण्याची आपल्याकडे पद्धत आहे. बुलेटचे ते भोक तिरके असल्यामुळे आरा पिस्टनच्या माथ्यावर घसरतो आणि मोजमाप फसवे निघते, म्हणून तो हलक्या हाताने धरा आणि दोन-तीनदा मोजून मगच विश्वास ठेवा. पॉइंट नेमके केव्हा सुटतात हे पाहायला संक्रांतीतल्या उरलेल्या पतंगाच्या कागदाची पट्टी उत्तम. ती बंद पॉइंटमध्ये धरून हलकेच ओढत राहा आणि इंजिन हळूहळू फिरवा. ज्या क्षणी कागद सुटतो, तो ठिणगीचा क्षण. मग कागद काढून, किल्ली चालू करून पुन्हा तसेच फिरवा आणि अॅमीटरकडे पाहा; पॉइंट सुटतात त्याच क्षणी काटा मध्यावर येतो.

या काट्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण हेडलाइटच्या वर बसवलेल्या त्या छोट्या अॅमीटरकडे हल्ली कोणी पाहतच नाही. तुमच्या मेकॅनिकनेही पाहिले नसावे, नाहीतर त्याने पाच वस्तू बदलल्या नसत्या. दिवे बंद ठेवून किल्ली फिरवा आणि किक हाताने हळूहळू दाबत इंजिन फिरवा. पॉइंट बंद असतील तेव्हा काटा उणे बाजूला तीन-चार अँपिअरवर जातो आणि उघडले की मध्यावर परत येतो. काटा असा डोलत असेल, तर बॅटरीपासून किल्ली, कॉइल आणि पॉइंट यांतून अर्थपर्यंतचा सगळा मार्ग सलग आहे, एवढे एका दृष्टिक्षेपात कळते. काटा मध्यावरून हललाच नाही, तर तो मार्ग कुठेतरी तुटला आहे: फ्यूज, किल्लीचा स्विच, एखादी सुटलेली वायर, किंवा पॉइंटवर साचलेले तेल आणि काजळी. काटा उणे बाजूला जाऊन तिथेच बसला आणि पॉइंट उघडले तरी परतला नाही, तर पॉइंटकडे जाणारी वायर कुठेतरी अर्थला टेकली आहे किंवा कंडेन्सर आतून शॉर्ट झाला आहे. इतकी माहिती देणारे उपकरण गाडीवर फुकट बसवलेले आहे. मद्रासला १९५५ साली एन्फील्ड इंडियाची स्थापना झाली तेव्हापासूनच्या जुन्या चालकांना तर किक मारण्याआधीही हाच काटा पाहण्याची सवय होती: कॉम्प्रेशन लागले की डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ) दाबून काटा मध्यावर येईपर्यंत किक सावकाश खाली न्यायची, डीकॉम्प्रेसर सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग एकच पूर्ण किक मारायची.

मूळ दोषाचा शोध मात्र तुमच्या अंगणात लागणार नाही. गाडी थंड असताना सगळे ठीकच दिसते; म्हणून दर वेळी मेकॅनिककडे पोहोचेपर्यंत ती शहाण्यासारखी वागते आणि मग तोही हाताला लागेल ते बदलतो. जे काही कळायचे आहे ते बंद पडल्याच्या जागीच, पहिल्या पाच मिनिटांत कळेल. त्यासाठी टूलबॉक्समध्ये प्लगचा पाना, एक जास्तीचा प्लग, सहा व्होल्टच्या बल्बला दोन वायरी लावून केलेला टेस्ट लॅम्प, दोन्ही टोकांना क्लिप असलेली आणि मध्ये फ्यूज घातलेली एक मीटरभर वायर, तपासलेला एक कंडेन्सर आणि साधा मल्टीमीटर एवढे सामान असू द्या. छोटी ग्वालटोली आणि महाराणी रोड यांच्यात एक फेरी मारलीत तर हे सगळे मिळून जाईल.

गाडी बंद पडली की ती बाजूला घ्या आणि किल्ली चालूच ठेवून आधी किक हाताने दाबत काटा पाहा. काटा मध्यावरून हलत नसेल, तर बॅटरीच्या गरम टोकापासून कॉइलच्या किल्लीकडच्या टोकाला ती फ्यूजची वायर थेट जोडा. तुमच्या गाडीत बॅटरीचे कोणते टोक चॅसिसला जोडलेले आहे हे आधी घरीच पाहून ठेवा, कारण या वयाच्या गाड्यांत दोन्ही प्रकार आढळतात. जे चॅसिसला जोडलेले नाही ते गरम टोक. वायर जोडल्यावर गाडी सुरू झाली, तर दोष किल्ली, फ्यूज किंवा हँडलजवळच्या वायरिंगमध्ये आहे आणि कॉइल-कंडेन्सर निर्दोष ठरतात. अशी थेट जोडलेली गाडी किल्लीने बंद होत नाही; ती डीकॉम्प्रेसरने बंद करावी लागते, हे लक्षात असू द्या.

काटा डोलत असेल, तर जास्तीचा प्लग कॅपमध्ये घालून तो इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा आणि किक मारून ठिणगी पाहा. ओल्या प्लगचे भोक उघडे असेल तर प्लग त्याच्यापासून लांब धरा, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते आणि ठिणगीने ती भडकू शकते. भर उन्हात ठिणगी दिसत नाही, म्हणून अंगाची सावली करा. पांढरट निळी, टचकन आवाज करणारी ठिणगी चांगली. पिवळी, तांबूस, रेंगाळणारी ठिणगी कमजोर. ठिणगी अजिबातच नसेल किंवा कमजोर असेल, तर लगेच पॉइंटचे झाकण उघडा आणि किल्ली चालू असताना पॉइंट लाकडी काडीने उघडझाप करून तिथली ठिणगी पाहा. तिथे बारीकशी निळसर ठिणगी असणे स्वाभाविक आहे. ती जाड, पिवळी आणि चटचटणारी असेल, तर कंडेन्सर आतून तुटला आहे. अशा वेळी तपासलेला कंडेन्सर बाहेरून, कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकापासून इंजिनच्या धातूला, तात्पुरता जोडा आणि पुन्हा किक मारा. गाडी सुरू झाली, तर चोर सापडला.

हा कंडेन्सर इतका महत्त्वाचा का, हे थोडक्यात सांगतो. चार्ल्स केटरिंग यांनी रचलेली आणि १९१० च्या सुमारास कॅडिलॅक मोटारीत आलेली ही कॉइल-पॉइंटची पद्धत एका साध्या तत्त्वावर चालते: कॉइलमधून वाहणारा प्रवाह जितका अचानक तोडावा, तितका मोठा धक्का दुसऱ्या वेढ्यात बसतो. इंदुरात नर्मदेचे पाणी येत असताना तोटी सावकाश बंद केली तर काही होत नाही, पण झटक्यात बंद केली की पाइप भिंतीत दणकतो, तसेच काहीसे. पॉइंट उघडताना प्रवाह मात्र त्या बारीकशा फटीतूनही ठिणगीच्या रूपाने वाहत राहू पाहतो, म्हणजे तो झटक्यात तुटत नाही. कंडेन्सर त्या क्षणापुरता तो प्रवाह स्वतःमध्ये घेतो आणि पॉइंटना सुटायला वेळ देतो. त्याची क्षमता असते केवळ ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास, पण तो गेला की पॉइंट जळतात आणि प्लगची ठिणगी मरते. आतले थर तापून सैल झाले की तो गरम असताना काम सोडतो आणि थंड झाल्यावर पुन्हा करू लागतो, अगदी तुमच्या गाडीसारखा. तो मोजायचा तर हेअर ड्रायरने तापवून क्षमता मोजणाऱ्या मल्टीमीटरवर मोजा. थंड कंडेन्सर चांगला दाखवतो आणि आपली फसगत होते.

कॉइलही तापून अशीच वागते. कंडेन्सर बदलून, बॅटरी ठीक असूनही गरम स्थितीत ठिणगी कमजोर राहिली, तर तिच्यावर संशय घ्या. ओल्या फडक्याने ती पाच मिनिटे गार केल्यावर ठिणगी सुधारली, तर तो संशय पक्का. एक सवय मात्र आताच सोडा: उभ्या गाडीची किल्ली चालू ठेवून गप्पा मारणे. त्या वेळी पॉइंट बंद स्थितीत असतील, तर चार अँपिअरचा प्रवाह कॉइलमधून सतत वाहत राहतो. कॉइल तापते आणि बॅटरी उतरते.

बॅटरीचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही, आणि नेमका म्हणूनच माझा संशय तिच्यावर अधिक आहे. कमजोर बॅटरीलाही विश्रांती मिळाली की थोडी तरतरी येते. वीस मिनिटांनी गाडी दुसऱ्या किकला सुरू होणे आणि थोड्या अंतरावर पुन्हा थांबणे हे कंडेन्सरइतकेच बॅटरीलाही लागू पडते. तीन कप्प्यांची सहा व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असताना, काही जोडलेले नसताना, सुमारे ६.३ ते ६.४ व्होल्ट दाखवते. गाडी बंद पडल्याबरोबर, किल्ली चालू आणि पॉइंट बंद असताना, तिच्या टोकांवर साडेपाचच्याही खाली आकडा आला, तर कॉइल आणि कंडेन्सर यांना दोष देण्यात अर्थ नाही. इंजिन मध्यम वेगाने चालू असताना हाच आकडा सात व्होल्टच्या आसपास चढला पाहिजे आणि अॅमीटरचा काटा अधिक बाजूला झुकला पाहिजे. असे झाले, तर अल्टरनेटर आणि त्याचा प्रवाह बॅटरीला चालेल असा एकदिश करणारा रेक्टिफायर ठीक आहेत आणि रिवाइंड करण्याचे कारण उरत नाही. झाले नाही, तरी आधी बॅटरीची टोके, चॅसिसला लागलेली अर्थची वायर आणि रेक्टिफायर पाहा. स्टेटरची, म्हणजे अल्टरनेटरच्या वेढ्यांची, पाळी सर्वांत शेवटी.

न बदललेल्या भागांविषयी मी इतके आग्रहाने लिहितो, त्याला माझा स्वतःचा एक अनुभव कारण आहे. माझ्याच बुलेटने एका ज्येष्ठात मानपूरच्या घाटात असाच छळ मांडला होता. एका नावाजलेल्या दुकानात लागोपाठ तीन कंडेन्सर बदलले, कॉइल बदलली, शेवटी कार्ब्युरेटरही खोलला. दोष निघाला तो पॉइंटच्या घरातल्या जेमतेम दोन इंच लांबीच्या वायरीत. तिचे वरचे आवरण अखंड होते, पण आतल्या तारा एकेक करून तुटत गेल्या होत्या, आणि चिमटीत धरून उचलली तर ती जानव्यासारखी लुळी पडत होती. थंडीत आवरण ताठ असल्याने तुटलेली टोके एकमेकांना टेकून राहत. गरम झाले की आवरण मऊ पडून ती विलग होत. ती वायर तुम्हीही चिमटीत धरून पाहा, आणि इंजिन चालू असताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, किल्ली हलकेच हलवून गाडी आचका देते का तेही पाहा. पॉइंट पुसायला पॉलिश पेपर वापरू नका, त्याचे कण पृष्ठभागात रुततात. जाड कागदाची पट्टी पेट्रोलमध्ये बुडवून फिरवली तरी पुरे. फायबरची टाच कॅमवर घासते तिथे नखाएवढे ग्रीस लावा, नाहीतर टाच झिजून फट महिनाभरात पुन्हा कमी होईल.

इलेक्ट्रॉनिक किटबद्दल माझा विरोध नाही. गाडी रोज ऑफिसला न्यायची असेल, तर बारा व्होल्ट आणि पॉइंटविरहित इग्निशन हा समंजस पर्याय आहे, आणि त्यासाठी कोणी तुम्हाला वडिलांच्या गाडीचा अपराधी ठरवू नये. मात्र मूळ दोष बॅटरीत, स्विचमध्ये किंवा वायरिंगमध्ये असेल, तर किट बसवल्यावरही गाडी त्याच भेरूघाटात थांबेल आणि मग रस्त्यावर काडीने उघडून पाहण्यासारखे काहीच हाती उरणार नाही. म्हणून किट बसवायचे असलेच तर मूळ दोष सापडल्यानंतर, आणि जुना संच डब्यात जपून ठेवून.

जुनी कॉइल बसवून, फट आणि टायमिंग लावून झाल्यावर लगेच ओंकारेश्वर गाठू नका. पहिल्या सकाळी राऊपर्यंत जाऊन परत या, दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात महूपर्यंत. हा रस्ता वर्दळीचा आहे आणि गाडी थांबली तर सावली व मदत दोन्ही मिळते. थांबलीच तर वरच्या क्रमाने पाहून वहीत पाच गोष्टी लिहा: सुरू केल्यापासून किती मिनिटे झाली, काटा डोलत होता की नाही, प्लग ओला की कोरडा, पॉइंटवरची ठिणगी कशी होती आणि बॅटरी किती व्होल्ट दाखवत होती. ही नोंद मला पाठवलीत, तर पुढच्या पत्रात मी शंभर शक्यता मोजत बसणार नाही; एकाच वस्तूचे नाव लिहीन.